तरुणींच्या चेहऱ्यावर आणि अंगावर वाढणारे अतिरिक्त केस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हनुवटीखाली बोट फिरवताना एखादा राठ केस हाताला लागतो. आरशात तो धड दिसतही नाही, पण दिवसभर बोट पुन्हापुन्हा तिथेच जाते आणि बाहेर पडण्यापूर्वी उजेडाकडे तोंड करून, मान वर करून, चिमट्याने तो उपटल्याशिवाय चैन पडत नाही. अनेक मुली हे वर्षानुवर्षे करत राहतात आणि त्याबद्दल कोणाशीही बोलत नाहीत. ज्या बोलतात, त्यांचे प्रश्न बहुधा पुढीलप्रमाणे असतात.

अंगावर केस असणे नैसर्गिकच आहे. मग ते ‘अतिरिक्त’ कधी समजायचे?

तळहात, तळपाय आणि ओठ असे थोडे भाग सोडले, तर माणसाच्या सर्वांगावर केस असतात. त्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. एक म्हणजे लव : मऊ, आखूड, फिकट, उजेडात तिरके पाहिले तरच दिसणारी. दुसरा प्रकार राठ केसांचा : जाड, लांब आणि काळे. स्त्रियांच्या डोक्यावर, भुवयांत, काखेत आणि जांघेत राठ केस असतात. हातापायांवरही ते कमीअधिक प्रमाणात असतात आणि त्यात काहीही वावगे नाही.

ज्या ठिकाणी एरवी पुरुषांना राठ केस येतात, त्या ठिकाणी, म्हणजे वरचा ओठ, हनुवटी, कल्ले, छातीचा मधला भाग, स्तनाग्रांभोवती, बेंबीपासून खाली जाणारी रेषा, पाठ आणि मांड्यांची आतली बाजू येथे स्त्रीच्या अंगावर लवेऐवजी राठ केस येऊ लागले, की त्याला वैद्यकशास्त्रात ‘हर्सुटिझम’ म्हणतात. प्रजननक्षम वयातील साधारण ५ ते १० टक्के स्त्रियांना हा त्रास असतो.

याहून वेगळी अवस्था म्हणजे सर्वांगावरची लवच दाट किंवा लांब होणे. तिला ‘हायपरट्रायकोसिस’ म्हणतात. ती पुरुषी संप्रेरकांमुळे (हार्मोन्समुळे) होत नाही. ती आनुवंशिक असते किंवा फेनिटॉइन, सायक्लोस्पोरिन, मिनॉक्सिडिल अशा औषधांमुळे उद्भवते. चेहऱ्यावर दीर्घकाळ स्टेरॉइडयुक्त क्रीम लावल्यानेही त्या जागी लव वाढते. गोरेपणासाठी किंवा डागांसाठी कोणीतरी सुचवलेले क्रीम महिनोन्महिने लावणाऱ्या मुलींनी त्याच्या वेष्टनावरील घटक एकदा तरी नीट वाचावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

किती केस म्हणजे जास्त, हे मोजता येते का?

येते. १९६१ मध्ये फेरिमन आणि गॉलवे या संशोधकांनी त्यासाठी गुणांकन पद्धत सुचवली. तिच्या आज वापरल्या जाणाऱ्या सुधारित रूपात शरीराचे नऊ भाग पाहून प्रत्येकाला ० ते ४ गुण देतात. म्हणजे जास्तीत जास्त ३६ गुण होतात. अनेक ठिकाणी ८ किंवा त्याहून अधिक गुण असल्यास हर्सुटिझम मानतात. मात्र ही रेषा सर्व वंशांच्या स्त्रियांना सारखी लागू होत नाही. पूर्व आशियातील स्त्रियांमध्ये ती बरीच खाली धरावी लागते, तर भूमध्य सागराच्या परिसरातील आणि मध्यपूर्वेतील स्त्रियांमध्ये थोडी वर.

या पद्धतीची एक मर्यादा लक्षात ठेवावी. एखाद्या मुलीच्या फक्त हनुवटीवर दाट केस असतील, तर तिचे एकूण गुण तीन किंवा चारच भरतात, पण तिचा त्रास काही तेवढाच असतो असे नाही. शिवाय तपासणीला येण्यापूर्वी बहुतेक जणी केस काढूनच येतात आणि मग गुण आणखी कमी पडतात. म्हणून आकडा कमी आला, एवढ्यावरून डॉक्टरांनी तक्रार बाजूला सारू नये आणि मुलीनेही ती मागे घेऊ नये.

हे केस येतात तरी कशामुळे?

जन्मतः आपल्या शरीरावर सुमारे ५० लाख रोमकूप, म्हणजे केस जिथून उगवतो ती त्वचेतील छिद्रे, असतात आणि पुढे त्यांची संख्या वाढत नाही. त्यामुळे हनुवटीवर ‘नवे’ केस उगवले असे जे वाटते, ते खरे म्हणजे जुन्याच रोमकूपांचे रूप पालटणे असते. इतकी वर्षे ज्या रोमकूपातून लव येत होती, त्याच रोमकूपातून आता जाड, काळा केस येऊ लागतो.

हा पालट घडवून आणणाऱ्या संप्रेरकांना अँड्रोजन म्हणतात. त्यांना सवयीने ‘पुरुषी संप्रेरके’ म्हटले जात असले, तरी प्रत्येक निरोगी स्त्रीच्या शरीरात ती थोड्या प्रमाणात असतातच. बीजांडकोश आणि मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी ती तयार करतात. त्यांतले टेस्टोस्टेरॉन त्वचेत पोहोचले, की तेथील एक विकर (एन्झाइम) त्याचे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन या अधिक प्रभावी द्रव्यात रूपांतर करते आणि ते रोमकूपाला राठ केस वाढवायला लावते. रक्तातील बरेचसे टेस्टोस्टेरॉन एका प्रथिनाला बांधलेले असते व ते निष्क्रिय राहते. जे मोकळे असते, तेच काम करते. त्यामुळे अँड्रोजनची निर्मिती वाढली, बांधून ठेवणारे प्रथिन कमी झाले किंवा त्वचाच अधिक संवेदनशील असली, तरी परिणाम एकच दिसतो.

पुष्कळ मुलींना हे कोडे पडते की चेहऱ्यावर केस वाढत असताना डोक्यावरचे मात्र विरळ का होतात. अँड्रोजनचा परिणाम जागेनुसार उलट होतो, हे त्याचे उत्तर आहे. जे संप्रेरक हनुवटीवरच्या रोमकूपाला जोम देते, तेच टाळूवरच्या रोमकूपाला, आनुवंशिक कल असल्यास, आक्रसून टाकते.

म्हणजे मला पीसीओएस आहे का?

शक्यता बरीच आहे, पण खात्री नाही. हर्सुटिझम असलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ७० ते ८० टक्के जणींमध्ये मूळ कारण पीसीओएस, म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम ही बीजांडकोशांशी आणि संप्रेरकांशी निगडित अवस्था, हेच निघते. बोलताना त्याला पीसीओडी असेही म्हणतात. स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी १९३५ मध्ये सात रुग्ण स्त्रियांवरून या अवस्थेचे वर्णन केले होते. आज जगभरात प्रजननक्षम वयातील ८ ते १३ टक्के स्त्रियांना ती असल्याचा अंदाज आहे.

प्रौढ स्त्रीमध्ये तीनपैकी किमान दोन गोष्टी आढळल्या आणि इतर आजार वगळले गेले, तर हे निदान करतात : पाळीची अनियमितता, अँड्रोजन वाढल्याची लक्षणे किंवा रक्तातील पुरावा, आणि सोनोग्राफीत बीजांडकोशात दिसणाऱ्या पुष्कळ लहान पुटिका. सोनोग्राफीऐवजी आता एएमएच (अँटी-म्युलेरियन हार्मोन) या रक्ततपासणीचा आधारही घेता येतो. या पुटिकांसाठी वापरला जाणारा ‘गाठी’ किंवा ‘सिस्ट’ हा शब्द ऐकून मुली फार घाबरतात. वस्तुतः ती पूर्ण न वाढलेली बीजे असलेली छोटी पुटके असतात आणि ती काढून टाकायची नसतात.

पीसीओएसमध्ये पुष्कळदा इन्शुलिनला शरीराचा प्रतिसाद मंदावलेला असतो. मग शरीर जास्त इन्शुलिन तयार करते, ते बीजांडकोशाला जास्त अँड्रोजन तयार करायला लावते आणि टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारे प्रथिन घटवते. मानेच्या मागे किंवा काखेत त्वचा काळसर, मखमलीसारखी जाड झाली असेल, तर ती याच इन्शुलिनची खूण असू शकते. ती मळाची पुटे नव्हेत, आणि घासून जात नाहीत. असे घासून घासून सोलवटलेल्या माना पाहिल्या की वाईट वाटते.

माझी पाळी अगदी नियमित आहे आणि तपासण्याही ठीक आल्या. तरीही केस का?

काही जणींमध्ये पाळी व्यवस्थित, संप्रेरके प्रमाणात, सोनोग्राफी स्वच्छ, आणि तरीही राठ केस असतात. याला ‘अज्ञातहेतुक’, म्हणजे कारण न सापडणारा, हर्सुटिझम म्हणतात. यात बहुधा त्वचेतील रोमकूपच नेहमीच्या अँड्रोजनला अधिक प्रतिसाद देतात. आई, मावशी, आत्या यांनाही तसाच त्रास असल्याचे अनेकदा कळते. ‘सगळे नॉर्मल आहे’ याचा अर्थ ‘तुम्हाला काही होत नाही’ असा कोणी घेऊ नये. या मुलींनाही उपचारांचा तितकाच हक्क आहे आणि तेच उपचार त्यांनाही लागू पडतात.

मुलगी अजून चौदा-पंधरा वर्षांची आहे. लगेच तपासण्या कराव्यात का?

या वयात घाई आणि दुर्लक्ष या दोन्ही चुका होतात. पाळी सुरू झाल्यावर पहिले वर्षभर ती मागेपुढे होणे स्वाभाविक असते. पहिल्या वर्षानंतर तिसऱ्या वर्षापर्यंत दोन पाळ्यांमधील अंतर २१ दिवसांपेक्षा कमी किंवा ४५ दिवसांपेक्षा जास्त राहिले, तर ती अनियमित समजतात. तीन वर्षांनंतर ही वरची मर्यादा ३५ दिवसांवर येते. किशोरवयात पीसीओएस ठरवण्यासाठी पाळीची अनियमितता आणि अँड्रोजनचे आधिक्य ही दोन्ही लक्षणे असावी लागतात. पहिल्या पाळीपासून आठ वर्षांच्या आत केवळ सोनोग्राफीच्या आधारे हे निदान करू नये, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात, कारण या वयात निरोगी मुलींच्या बीजांडकोशातही पुष्कळ पुटिका दिसतात.

म्हणून पंधरा वर्षांच्या मुलीच्या हाती एका सोनोग्राफीवरून आयुष्यभराच्या आजाराचे नाव ठेवू नये. पण केस राठ असतील आणि पाळीही लांबत असेल, तर ‘वयात येताना असे होतेच’ म्हणून तिला परतही पाठवू नये.

डॉक्टरांकडे तातडीने कधी जावे?

केस काही आठवड्यांत किंवा थोड्या महिन्यांत झपाट्याने वाढले, आवाज घोगरा झाला, डोक्यावर पुरुषांसारखे टक्कल पडू लागले, योनिलिंग (क्लिटोरिस) मोठे झाले, पाळी अचानक बंद झाली, तर थांबू नये. क्वचित अशा वेळी बीजांडकोशात किंवा अ‍ॅड्रिनल ग्रंथीत संप्रेरके स्रवणारी गाठ असते. चेहरा गोल होणे, पोटावर रुंद जांभळट वळ उठणे, त्वचेवर सहज काळेनिळे डाग पडणे ही कुशिंग सिंड्रोमची, म्हणजे शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक फार वाढल्याने होणाऱ्या आजाराची, लक्षणे असू शकतात. पाळी सुरू झाल्यापासून वर्षानुवर्षे हळूहळू वाढलेले केस बहुधा यांपैकी कशाचेही लक्षण नसतात. किती केस आहेत यापेक्षा ते किती वेगाने वाढले, हे अधिक महत्त्वाचे आहे.

कोणत्या तपासण्या लागतात?

मुख्य तपासणी टेस्टोस्टेरॉनची. सकाळच्या वेळी, पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत १७-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन हे संप्रेरकही तपासतात, कारण अ‍ॅड्रिनल ग्रंथीतील एका विकराच्या जन्मजात कमतरतेचा सौम्य प्रकार हुबेहूब पीसीओएससारखा दिसतो. पाळी अनियमित असल्यास थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन या संप्रेरकांचे प्रमाण पाहतात. पीसीओएस ठरल्यावर रक्तातील साखर, चरबी आणि रक्तदाब तपासून घेणे आवश्यक आहे. केसांच्या निमित्ताने मधुमेहाचा धोका वेळीच लक्षात येतो, हा त्यातला लाभ.

गर्भनिरोधक गोळ्या सुरू असताना अँड्रोजनची तपासणी केली, तर आकडे कमी येऊन फसगत होते. केसांसाठी किंवा नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल, तर तेही सांगावे, कारण बायोटिनमुळे काही संप्रेरक-तपासण्यांचे निकाल चुकतात.

औषधांनी केस जातात का, आणि किती दिवसांत?

एकदा राठ झालेला केस औषधाने गळून पडत नाही. औषध नवे केस राठ होण्याला आळा घालते आणि असलेले केस पुढच्या फेऱ्यांत हळूहळू बारीक करते. प्रत्येक केसाचे वाढीचे, थांबण्याचे आणि गळण्याचे चक्र कित्येक महिन्यांचे असते. म्हणून किमान सहा महिने झाल्याशिवाय औषधाचा निर्णय करू नये. दुसऱ्या महिन्यात ‘काहीच फरक नाही’ म्हणून औषध सोडणाऱ्या मुलींना हे आधीच कोणीतरी सांगायला हवे होते, असे दर वेळी वाटते.

बहुतेक तरुणींना प्रथम संयुक्त गर्भनिरोधक गोळ्या देतात. त्यांच्यामुळे बीजांडकोशातील अँड्रोजनची निर्मिती कमी होते आणि टेस्टोस्टेरॉनला बांधणारे प्रथिन वाढते. सहा महिन्यांत पुरेसा गुण न आल्यास स्पायरोनोलॅक्टोनसारखे अँड्रोजनविरोधी औषध जोडतात. हे औषध घेत असताना गर्भधारणा होणार नाही, याची पक्की व्यवस्था हवी, कारण पोटातील मुलग्याच्या लैंगिक अवयवांची वाढ त्याने बिघडू शकते. याच प्रकारचे फ्लुटामाइड हे औषध यकृताला गंभीर इजा करू शकत असल्याने केसांसाठी ते टाळावे, असे जाणकार सांगतात. मेटफॉर्मिन पाळीला आणि साखरेला उपयोगी पडते. केवळ केसांसाठी मात्र ते घेण्यात फारसा अर्थ नाही.

चेहऱ्यावर लावायचे एफ्लॉर्निथिन हे क्रीम केसांची वाढ मंदावते. सहा ते आठ आठवड्यांत फरक दिसू लागतो, पण लावणे थांबवले की साधारण दोन महिन्यांत स्थिती पूर्ववत होते.

गर्भनिरोधक गोळ्यांनी पुढे मूल होण्यात अडचण येते का?

नाही. गोळ्या बंद केल्यावर प्रजननक्षमता परत येते. पीसीओएसमुळे बीज नियमित तयार होत नसेल, तर ती अडचण गोळ्यांआधीही होती आणि तिच्यावर स्वतंत्र उपचार आहेत. पीसीओएस असलेल्या असंख्य स्त्रियांना मुले होतात. पण या गोळ्या प्रत्येकीला चालत नाहीत. पूर्वी रक्तवाहिनीत गुठळी झालेली असणे, डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा येऊन उठणारी अर्धशिशी, उच्च रक्तदाब, धूम्रपान यांपैकी काही असेल, तर ते डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपणहून सांगावे. मैत्रिणीच्या चिठ्ठीवरून गोळ्या आणू नयेत.

वस्तऱ्याने काढले तर केस अधिक जाड येतात का?

येत नाहीत. १९२८ मध्ये मिल्ड्रेड ट्रॉटर या शरीररचनाशास्त्रज्ञ बाईंनी दाढी करणाऱ्या पुरुषांचे केस मोजून हे तपासले होते आणि दाढीमुळे केसांच्या जाडीत वा वाढीच्या वेगात फरक पडत नसल्याचे त्यांना आढळले. वस्तरा केसाचा त्वचेबाहेरचा भाग कापतो. रोमकूपाला तो स्पर्शही करत नाही. न कापलेल्या केसाचे टोक निमुळते असते, कापलेल्याचे बोथट. ते बोटाला खरखरीत लागते, म्हणून केस जाड झाल्याचा भास होतो. तरीही चेहऱ्यावर वस्तरा वापरण्याची कल्पनाच एखादीला नकोशी वाटत असेल, तर तो तिचा प्रश्न आहे. तिला भाग पाडण्याचे कारण नाही.

थ्रेडिंग, वॅक्सिंग, चिमटा, ब्लीच यांपैकी काय चांगले?

आपल्या त्वचेला जे सोसेल ते. लव दाट असेल तर ब्लीच पुरते. थ्रेडिंग आणि वॅक्सिंगचा परिणाम काही आठवडे टिकतो, पण मुळासकट ओढलेला केस पुन्हा उगवताना कधीकधी त्वचेतच वळतो, तिथे पुळी येते आणि मागे काळा डाग राहतो. हनुवटीवर हे फार घडते. सुईने तो केस उकरून काढण्याचा मोह आवरावा. केसापेक्षा डाग जास्त काळ टिकतो. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या किंवा रेटिनॉइड क्रीम सुरू असेल, तर त्या काळात वॅक्सिंग अजिबात करू नये, कारण केसांबरोबर त्वचेचा पापुद्राही निघतो.

घरगुती लेपांनी वरवरची लव घासली जाते. रोमकूपापर्यंत ते पोहोचत नाहीत.

लेझरने केस कायमचे जातात का?

कायमचे कमी होतात, असे म्हणणे अधिक खरे. लेझरचा प्रकाश केसातील काळे रंगद्रव्य शोषून घेते, त्यातून निर्माण होणारी उष्णता रोमकूपाला इजा करते. म्हणून पांढऱ्या, सोनेरी किंवा अगदी फिकट केसांवर लेझर चालत नाही. त्या क्षणी वाढीच्या अवस्थेत असलेल्या केसांवरच त्याचा नीट परिणाम होतो. त्यामुळे काही आठवड्यांच्या अंतराने सहा किंवा त्याहून अधिक बैठका लागतात.

सावळ्या त्वचेत रंगद्रव्य अधिक असल्याने चुकीच्या यंत्राने ती भाजू शकते. अशा त्वचेसाठी १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा एनडी-याग लेझर अधिक सुरक्षित मानला जातो. कोणते यंत्र वापरणार, सावळ्या त्वचेचा अनुभव किती, आधी लहानशा जागी चाचणी घेणार का, हे प्रश्न पैसे भरण्यापूर्वी विचारावेत आणि उत्तर देताना समोरची व्यक्ती चिडली, तर तिथून उठावे.

आणखी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. चेहऱ्यावर आणि मानेवर, विशेषतः सावळ्या त्वचेच्या आणि संप्रेरकांचा बिघाड असलेल्या काही स्त्रियांमध्ये, लेझरनंतर आजूबाजूची लव उलट राठ होते. असे घडल्यास ते लगेच दाखवावे. शिवाय पीसीओएसवर उपचार न करता नुसता लेझर केला, तर उरलेले रोमकूप अँड्रोजनच्या प्रभावाखाली पुन्हा राठ केस देत राहतात. म्हणून दोन्ही गोष्टी बरोबर चालवणे शहाणपणाचे ठरते. बैठकींच्या आधी महिनाभर केस उपटू नयेत, कारण रोमकूपात केसच नसेल तर प्रकाश शोषणार कोण? वस्तरा मात्र चालतो.

इलेक्ट्रोलिसिस म्हणजे काय?

प्रत्येक रोमकूपात बारीक सुई घालून विजेच्या सौम्य प्रवाहाने तो नष्ट करणे. १८७५ मध्ये चार्ल्स मिशेल या नेत्रवैद्याने डोळ्यात टोचणाऱ्या पापण्यांच्या केसांसाठी ही पद्धत वापरली. ती केसाच्या रंगावर अवलंबून नसल्याने फिकट केसांनाही चालते. एकेक केस घ्यावा लागत असल्याने वेळ फार लागतो आणि दुखतेही. हनुवटीवरच्या मोजक्या केसांसाठी ती उत्तम आहे.

वजन कमी केल्यास केस कमी होतात का?

वजन जास्त असलेल्या मुलीने ५ ते १० टक्के वजन घटवले, तर इन्शुलिन उतरते, पाळी सुधारू शकते आणि अँड्रोजनही काही प्रमाणात घटतात. केसांवरचा परिणाम मात्र मर्यादित असतो. ‘आधी वजन कमी करून या, मग बघू’ असे सांगून केसांचा उपचार अडवून ठेवणे मला अन्यायाचे वाटते. सडपातळ मुलींनाही पीसीओएस होतो.

केसांपायी मी लोकांत मिसळणे सोडले आहे. हेही डॉक्टरांना सांगावे का?

अवश्य सांगावे. पीसीओएस आणि हर्सुटिझम असलेल्या स्त्रियांमध्ये चिंता आणि नैराश्य अधिक आढळते. फोटो काढताना मागे सरणे, समोरच्याची नजर हनुवटीवर गेली का हे बोलता बोलता तपासत राहणे, पहाटे सगळे उठण्यापूर्वी दार लावून चिमटा घेऊन बसणे, यात माणूस थकतो. उपचार किती जोरात करायचे, हे ठरवताना केसांच्या संख्येइतकेच या थकव्यालाही वजन असते. आयांनी आणि मोठ्या बहिणींनी ‘कोण बघतंय एवढं’ असे म्हणून विषय मिटवू नये. मुलगी स्वतः रोज बघत असते. तसेच एखादीला हे केस ठेवायचेच असतील आणि आतले कारण तपासून झाले असेल, तर ते काढलेच पाहिजेत असे वैद्यकशास्त्र म्हणत नाही.

पहिल्या भेटीला जाताना काय तयारी करावी?

गेल्या सहा महिन्यांतील पाळीच्या तारखा लिहून घ्याव्यात. केस प्रथम कधी आणि कुठे दिसले, ते हळूहळू वाढले की एकदम, हे आठवून ठेवावे. सर्व औषधे, क्रीम आणि पूरक गोळ्यांची वेष्टने सोबत न्यावीत. सुरुवात स्त्रीरोगतज्ज्ञ, त्वचारोगतज्ज्ञ किंवा संप्रेरकांचे तज्ज्ञ यांपैकी कोणाकडेही करता येते.

शक्य असेल तर भेटीपूर्वी काही दिवस केस काढू नयेत. हे अवघड जाते, हे खरे. ते जमणार नसेल, तर काढण्याच्या आदल्या दिवशी खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात, हनुवटीचा आणि कल्ल्यांचा जवळून फोटो घ्यावा आणि त्याच्याखाली तारीख लिहावी. उपचार सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी दुसरा फोटो काढावा, म्हणजे दोन्ही शेजारी ठेवून डॉक्टरांना दाखवता येतील.